क्रूझर बाईक मॉडिफाय करताय? काय चालतं आणि काय अंगाशी येतं

अ‍ॅव्हेंजर असो वा मीटिअर, क्रूझर घरी आली की तिला ‘आपला लुक’ द्यायची हौस येतेच. जालन्यातल्या मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत तर फटाका सायलेन्सर वाजला की कोणाची गाडी आली, हे गल्लीभर कळतं. पण हौस कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीचा रंगही आरसीवर असतो. तो बदलायचा तर परिवहन कार्यालयात नोंद करून घ्या.

काय लावता येतं?
बॅकरेस्ट, विंडशील्ड, सॅडलबॅग, मऊ सीट यांना सहसा अडचण येत नाही. सॅडलबॅगला आधाराची पट्टी हवीच, नाहीतर ती चाकात जाते किंवा सायलेन्सरला चिकटून जळते. इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकू नका.

सायलेन्सर
बीएस-६ गाडीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच असतो. तो काढला की आवाजासोबत प्रदूषणही वाढतं. त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर थेट रोडरोलर फिरवले आहेत.

हँडल
उंच हँडल लावलं की मूळ केबल आणि ब्रेकचा पाईप ताणले जातात. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आवाज आपोआप वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. रस्त्यावर वळताना हेच जिवावर बेतू शकतं.

साडी गार्ड काढू नका
‘लुक बिघडतो’ म्हणून सर्वात आधी हाच निघतो. पण मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण नियमानेच बंधनकारक आहे. मागे बसलेल्या आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी चाकात अडकायला एक क्षण पुरतो.

काहीही बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. आणि काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका. गाडी विकताना तेच कामाला येतात.