अक्षरांचे आयुष्य

लिखित शब्द कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. लेखनाचे साधन जितके कठीण तितका लेख दीर्घायुषी, असे आपण सहज गृहीत धरतो. भारतीय इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

अशोकाने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आपले आदेश शिलांवर आणि स्तंभांवर कोरविले ते चिरकाल टिकावेत म्हणूनच. दगड टिकला, पण त्याचा वाचक उरला नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा व मेरठ येथील स्तंभ मोठ्या कष्टाने दिल्लीस आणविले, तेव्हा त्यांवरील ब्राह्मी लेख पंडितांनाही लागला नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी लिपीचा उलगडा करीपर्यंत ती अक्षरे डोळ्यांसमोर असूनही मुकीच राहिली.

ताडपत्राची गोष्ट निराळी. दमट हवा आणि कसर यांमुळे त्याचे आयुष्य मर्यादित; म्हणूनच पोथी जीर्ण होण्यापूर्वी ती उतरवून घेणे भाग पडे. लुप्त मानले गेलेले कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातील ताडपत्रावरून आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. ते ताडपत्र काही ग्रंथाइतके प्राचीन नव्हते. नकलांच्या दीर्घ साखळीतील तो एक दुवा होता. अर्थात नकलेला पाठभेदाचे मोल द्यावे लागते. ‘ज्ञानेश्वरी’ची मूळ प्रत आज उपलब्ध नाही, आणि एकनाथांना शके १५०६ मध्ये तिचे पाठशुद्धीकरण करावे लागले, ते नकलांतून शिरलेल्या अशुद्धींमुळेच.

ही साखळी तुटली की काय होते, हे विसाव्या शतकाने पाहिले. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १९३१ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. त्या बोलपटाची एकही प्रत संग्रहालयाला मिळू शकली नाही.

संगणकीय अभिलेखाचे नाते शिलेपेक्षा ताडपत्राशी अधिक जवळचे आहे. तबकडी बिघडते, आणि ती शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र कालबाह्य होते. ठरावीक काळाने मजकूर नव्या साधनावर उतरवीत राहणे, हाच त्यावर उपाय.

या दृष्टीने पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे पाहावे. तेथील असंख्य रुमालांतील हातकागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेल्या आम्लयुक्त लगदाकागदापेक्षा पुष्कळ चिवट आहे. पण त्यावरील लिपी मोडी आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती शालेय शिक्षणातून गेल्यापासून तिचे जाणकार विरळ होत गेले. त्या कागदांची छायाचित्रे घेतल्याने कागद वाचेल. त्यातील मजकूर वाचायचा, तर मोडी शिकलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घडवावी लागतील. अभिलेखसंरक्षणाच्या योजनांत कपाटे आणि यंत्रे यांच्या बरोबरीने या अध्यापनाचीही तरतूद असणे अगत्याचे आहे.