निर्वासितांचे स्वागत आणि सार्वजनिक निधी: अमेरिकेतील ख्रिस्तसभेचा अनुभव

परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी २०१७ साली स्थलांतरित व निर्वासित ह्यांच्यासंबंधी चार क्रियापदे ख्रिस्तसभेपुढे ठेवली: स्वागत करणे, संरक्षण देणे, विकासाला हातभार लावणे आणि समाजात सामावून घेणे. २०१८ च्या जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिनाच्या संदेशाचा विषयही हाच होता. ही चारही कामे श्रद्धेच्या प्रेरणेने घडतात हे खरे. परंतु त्यांना घरभाडे, अन्नधान्य, औषधे, शाळा आणि दुभाषी ह्यांची जोड लागते, आणि ह्यांपैकी प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. हा पैसा कोणी द्यायचा? सरकारने की श्रद्धावंतांनी?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे अर्धशतक ह्या प्रश्नाचे उत्तर 'दोघांनी मिळून' असे दिले गेले. पैसा मुख्यतः सरकारचा आणि हात मुख्यतः धार्मिक व स्वयंसेवी संस्थांचे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात कॅथलिक ख्रिस्तसभेचा वाटा फार मोठा होता. २०२५ साली सरकार आणि बिशप मंडळ ह्यांची ही भागीदारी संपली. ती कशी उभी राहिली, तिच्यातून काय साधले आणि ती संपल्यावर कोणते प्रश्न उरले, ह्याची एकत्रित माहिती आम्ही येथे देत आहोत.

निर्वासित कोणाला म्हणावे?

पोटापाण्यासाठी परदेशी जाणारा मनुष्य स्थलांतरित होय. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत ह्यांमुळे छळ होईल ह्या रास्त भीतीने ज्याला स्वदेश सोडावा लागला, तो निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय करारातील आहे. पवित्र आसन ह्या कराराच्या रचनेत सहभागी होते आणि पुढे १९५६ साली व्हॅटिकनने त्याला रीतसर मान्यता दिली.

निर्वासितांसाठी तीन कायमस्वरूपी मार्ग मानले जातात: परिस्थिती निवळल्यावर स्वेच्छेने मायदेशी परतणे, आश्रय दिलेल्या देशातच रुजणे, किंवा तिसऱ्या एखाद्या देशात पुनर्वसन होणे. हा तिसरा मार्ग जगातील एकूण निर्वासितांपैकी एका वर्षात एक टक्क्याहूनही कमी लोकांच्या वाट्याला येतो. अमेरिकेच्या ज्या कार्यक्रमाविषयी आपण येथे पाहणार आहोत, तो ह्या तिसऱ्या मार्गाचा आहे.

१९७५ ते १९८०: कायद्याचा जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील विस्थापितांना अमेरिकेत आणून वसविण्याचे काम मुख्यतः चर्च व ज्यू संस्थांनी केले. सरकार प्रवेशाची परवानगी देई. पुढचा भार संस्था उचलीत. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले आणि हे चित्र बदलले. काही महिन्यांत व्हिएतनाम व कंबोडियातून सुमारे १,३०,००० लोक अमेरिकेत आले. त्यांना आधी लष्करी तळांवर ठेवण्यात आले व तेथून गावोगावी पाठविण्यात आले. ह्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रत्येक निर्वासितामागे ५०० डॉलर स्वयंसेवी संस्थांना देण्यास सुरुवात केली. धर्मग्रामांनी कुटुंबे दत्तक घेतली, घरे शोधली, मुलांना शाळेत घातले.

ह्या अनुभवातून १९८० चा निर्वासित कायदा घडला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनी १७ मार्च १९८० रोजी त्यावर स्वाक्षरी केली. ह्या कायद्याने तीन गोष्टी केल्या. १९५१ च्या करारातील व्याख्या देशाच्या कायद्यात आणली. वर्षाला किती निर्वासित घ्यावेत हे राष्ट्राध्यक्षांनी संसदेशी विचारविनिमय करून ठरवावे असा नियम केला. आणि आलेल्यांच्या मदतीसाठी निर्वासित पुनर्वसन कार्यालय स्थापन करून त्याला अर्थसाहाय्याची तरतूद केली. त्या एका वर्षात २,०७,००० हून अधिक निर्वासित अमेरिकेत आले.

पैसा कोणत्या वाटेने जातो?

सरकारी निधीचे मुख्यतः तीन प्रवाह होते.

पहिला प्रवाह परराष्ट्र खात्याचा. निर्वासित विमानतळावर उतरल्यापासूनच्या पहिल्या ३० ते ९० दिवसांसाठी दरडोई ठरावीक रक्कम राष्ट्रीय पातळीवरील संस्थेला मिळे. ही रक्कम २०१० साली ९०० डॉलरवरून १,८०० डॉलर करण्यात आली व पुढे आणखी वाढली. तिचा एक भाग थेट निर्वासितावर खर्च करावा लागे, उरलेला कर्मचारी व कार्यालय ह्यांवर. संस्थेची कर्तव्ये करारात लिहिलेली असत: विमानतळावर स्वागत करणे, सामानसुमानासह घर तयार ठेवणे, पहिल्या दिवशी त्या कुटुंबाच्या सवयीचे गरम जेवण देणे, ऋतूनुसार कपडे पुरविणे, आरोग्य तपासणी करून घेणे, मुलांना शाळेत दाखल करणे, सरकारी ओळख क्रमांकाचा अर्ज भरून देणे आणि नोकरीच्या शोधात साह्य करणे.

दुसरा प्रवाह निर्वासित पुनर्वसन कार्यालयाचा. तो बहुधा राज्य सरकारांमार्फत जाई. त्यातून रोख साहाय्य, वैद्यकीय मदत, इंग्रजीचे वर्ग आणि रोजगार प्रशिक्षण ह्यांचा खर्च भागे. आईवडिलांविना आलेल्या मुलांच्या पालनगृहांचा खर्चही ह्याच कार्यालयाकडून होई.

तिसरा प्रवाह जोड-अनुदानाचा. संस्थेने समाजातून एक डॉलर उभा केला की सरकार त्यात दोन डॉलर घाली. हा एक डॉलर केवळ रोख रकमेतूनच नव्हे, तर दान मिळालेले फर्निचर, कपडे आणि स्वयंसेवकांचा वेळ ह्यांतूनही मोजला जाई. सरकारी पैसा आणि धर्मग्रामाची उदारता ह्यांची सांगड येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

एक बाब अनेकांना ठाऊक नसते. निर्वासिताच्या विमान प्रवासाचे भाडे ही देणगी नव्हती. ते बिनव्याजी कर्जाच्या रूपाने दिले जाई आणि स्थिरावल्यावर त्या कुटुंबाने ते हप्त्यांनी फेडावे अशी अट असे.

मदतीची मुदत

ह्या व्यवस्थेची खरी परीक्षा रकमेपेक्षा मुदतीत होती. १९८० च्या कायद्याने राज्यांना रोख व वैद्यकीय साहाय्याचा ३६ महिन्यांचा खर्च भरून देण्याची सोय केली होती. १९८२ साली रोख साहाय्याची मुदत १८ महिन्यांवर आली, १९८८ साली १२ महिन्यांवर आणि १९९१ साली ८ महिन्यांवर. २०२२ साली ती पुन्हा १२ महिने झाली. मे २०२५ पासून ती केवळ ४ महिने करण्यात आली.

लवकरात लवकर स्वावलंबन हे कायद्याचे ध्येय होते आणि ते योग्यही आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागली. स्वदेशी शिक्षक किंवा परिचारिका असलेली व्यक्ती मिळेल ते पहिले काम पत्करून मांस कारखान्यात अथवा गोदामात रुजू होई, कारण पुढील महिन्याचे भाडे थांबत नाही. भाषा शिकणे आणि आपल्या शिक्षणाला नव्या देशात मान्यता मिळविणे ह्यांस वर्षे लागतात. अनुदान मात्र महिन्यांत मोजले जाते. ही पोकळी भरून काढण्याचे काम बव्हंशी धर्मग्रामांतील स्वयंसेवकांनी केले. बँकेत खाते कसे उघडावे, दवाखान्याची चिठ्ठी कशी वाचावी, बर्फात वाहन कसे चालवावे, ह्या गोष्टी कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाहीत.

हा खर्च केवळ बोजा ठरला काय? अमेरिकन सरकारच्या आरोग्य व मानवसेवा खात्याने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ ते २०१९ ह्या पंधरा वर्षांचा हिशेब मांडला आहे. निर्वासित व आश्रयप्राप्त लोकांवर झालेल्या सार्वजनिक खर्चापेक्षा त्यांनी विविध करांच्या रूपाने १२३.८ अब्ज डॉलर अधिक भरले, असा त्याचा निष्कर्ष आहे. सुरुवातीचा काळ खर्चाचा असतो. फळ नंतर मिळते.

ख्रिस्तसभेचा वाटा

सरकारशी करार केलेल्या राष्ट्रीय संस्थांपैकी बहुतांश धार्मिक प्रेरणेच्या होत्या. कॅथलिक, लुथरन, एपिस्कोपल, ज्यू अशा विविध परंपरांच्या ह्या संस्था होत. अमेरिकेच्या कॅथलिक बिशप मंडळाने ह्या कार्यक्रमात प्रदीर्घ काळ अग्रभागी राहून काम केले. मंडळ सरकारकडून निधी घेई आणि धर्मप्रांतांतील कॅथलिक सेवासंस्थांकडे तो पोहोचवी. प्रत्यक्ष सेवा धर्मप्रांतात होत असे.

सार्वजनिक निधी म्हणजे सर्वधर्मीय करदात्यांचा पैसा. म्हणून त्यातून उपासना किंवा धर्मप्रसार करण्यास मनाई होती आणि मदत सर्व धर्मांच्या निर्वासितांना समान द्यावी लागे. व्हिएतनामी बौद्ध, सोमाली मुस्लिम, भूतानमधून निघालेले नेपाळीभाषक हिंदू, म्यानमारमधील ख्रिस्ती ह्या सर्वांनी ह्या सेवेचा लाभ घेतला. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील परक्याचा धर्म कोणता, हे प्रभू येशू विचारीत नाही. ह्या अर्थाने कायद्याची अट आणि शुभवर्तमानाची शिकवण येथे एकत्र आल्या.

भागीदारीची अखेर

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी निर्वासितांचा प्रवेश स्थगित करणारा आदेश काढला. २४ जानेवारीला परराष्ट्र खात्याने संस्थांचा निधीही थांबविला. म्हणजे जे निर्वासित आधीच रीतसर येऊन पोहोचले होते, त्यांच्या पहिल्या नव्वद दिवसांचा पैसाही थांबला. बिशप मंडळाकडे सोपविलेले असे ६,७०० हून अधिक लोक त्या वेळी ह्या नव्वद दिवसांच्या मुदतीत होते. स्वतः कॅथलिक असलेले उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स ह्यांनी बिशपांना लोकांची चिंता आहे की अनुदानाची, अशी शंका जाहीरपणे व्यक्त केली. बिशप मंडळाचे म्हणणे असे की अनुदान खर्चाला पुरतही नाही. मंडळाच्या २०२३ च्या हिशेबांनुसार ह्या कामासाठी सरकारकडून सुमारे १२.९ कोटी डॉलर आले आणि खर्च त्याहून अधिक झाला.

मंडळाने फेब्रुवारीत न्यायालयात दाद मागितली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने करारच रद्द केले आणि मार्चमध्ये न्यायालयाने तातडीचा दिलासा नाकारला. ७ एप्रिल २०२५ रोजी मंडळाचे अध्यक्ष आर्चबिशप टिमोथी ब्रॉलिओ ह्यांनी जाहीर केले की निर्वासित व मुलांच्या सेवेसाठी सरकारशी असलेले करार मंडळ नूतनीकृत करणार नाही. एवढे काम ख्रिस्तसभा एकटीच्या बळावर चालवू शकत नाही, ही कबुली त्यांच्या निवेदनात होती. २०२४ च्या आर्थिक वर्षात १,००,०३४ निर्वासित अमेरिकेत आले होते. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी कमाल मर्यादा ७,५०० ठरविण्यात आली.

दुसरी वाट: कॅनडा

शेजारच्या कॅनडाने १९७९ पासून वेगळी पद्धत अवलंबिली. तेथे सरकार स्वतःच्या खर्चाने निर्वासित आणतेच. शिवाय एखादे धर्मग्राम किंवा पाच नागरिकांचा गट एखाद्या कुटुंबाचा साधारण एक वर्षाचा खर्च व जबाबदारी उचलू शकतो. १९७९-८० ह्या काळात आलेल्या सुमारे ६०,००० इंडोचिनी निर्वासितांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशा रीतीने आले. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन पुरस्कार एखाद्या व्यक्तीऐवजी कॅनडाच्या जनतेला देण्यात आला. नागरिकांनी आणलेले लोक सरकारच्या संख्येत मोजायचे नाहीत, तर त्यात भर म्हणून धरायचे, हे ह्या योजनेचे मूळ तत्त्व. अर्थात तीही सरकारी धोरणावर अवलंबून आहे. प्रलंबित अर्ज फार साचल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच नागरिकांच्या गटांचे नवे अर्ज स्वीकारणे थांबविण्यात आले.

आपल्या देशात

भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी सर्वसमावेशक कायदाही नाही. तरीही सार्वजनिक निधीतून मदत झाली आहे. केंद्र सरकारने २०१५ साली तिबेटी वसाहतींच्या प्रशासन व समाजकल्याणासाठी पाच वर्षांत ४० कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले. अशीच एक वसाहत आपल्या महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे, १९७२ पासून आहे.

आपण काय शिकावे?

समृद्ध राष्ट्रांनी आपल्या कुवतीनुसार परक्याला आश्रय द्यावा आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे व वारसा ह्यांचा मान राखावा, असे ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते. म्हणून निर्वासितांसाठी खर्च होणारा सार्वजनिक पैसा ही शासनाची मेहेरबानी नसून त्याचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. लाखो लोकांचे भाडे, औषधे व शिक्षण केवळ दानपेटीतून भागणार नाही, हे २०२५ ने दाखवून दिले. दानपेटी मोठी करून शासनाचे कर्तव्य माफ होत नाही.

परंतु ह्या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निधी पहिल्या रात्रीचे छप्पर देतो. शेजार देत नाही. ज्या धर्मग्रामांत स्वयंसेवकांनी कुटुंबांशी नाते जोडले होते, तेथे करार संपले तरी ती कुटुंबे एकाकी पडत नाहीत. जेथे काम केवळ पगारी कर्मचाऱ्यांवर सोपविले होते, तेथे कार्यालयाला कुलूप लागताच सेवाही संपते.

जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिन आता साधारणतः सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी साजरा होतो. त्या दिवशी आपण प्रार्थना करतो. पवित्र कुटुंबाने मिसर देशात आश्रय घेतला, तेव्हा त्यांनाही कोणीतरी दार उघडले असणार. आपल्या धर्मग्रामात येणाऱ्या परप्रांतीय मजुराला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अनोळखी कुटुंबाला आपण कसे वागवतो, हाच ह्या प्रार्थनेचा कस आहे. आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.