चाक मोठं झालं म्हणजे नक्की काय मोठं झालं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर सालं, उभ्या अक्षावर मोटारीच्या चाकाचा आकार, इंचांत. डावीकडे वरच्या कोपऱ्यात १९०८ सालची फोर्ड मॉडेल टी, ३० इंच. १९२५च्या सुमारास तीच गाडी २१ इंचांवर. मग रेषा उतरत उतरत १९५९च्या ब्रिटिश मिनीपर्यंत, १० इंच. तिथून पुन्हा चढत आजच्या १७-१८ इंचांपर्यंत. इतका सुबक आलेख माझ्या हातून त्याआधी कधी आला नव्हता. त्याच्यावर मी प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं केलं: रस्ते सुधारले तशी चाकं लहान झाली, आणि पुढे फॅशन आली तशी पुन्हा मोठी झाली.

मॅडमनी पान उलटलं, परत मागे आल्या आणि एकच प्रश्न विचारला, "हे 'चाक मोठं' म्हणतेस, ते कुठलं मोठं?"

मला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा चार महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी आज तीच गोष्ट सांगते, कारण चूक माझी असली तरी ती कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

चाक मोठं का लागायचं?

सुरुवातीपासून बघू. बैलगाडीचं चाक माणसाच्या कमरेच्या वर का जातं? लाकडाला आणि लोखंडी धावेला दबणं माहीत नसतं. मग दगड-चाकोरीतून सुखानं जायचं तर एकच उपाय उरतो: चाक मोठं करा.

यामागचं गणित शाळेतल्या भूमितीचं आहे. रस्त्यात ५० मिलिमीटर उंचीची पायरी आली असं धरा. बाहेरचा व्यास ५०० मिलिमीटर असलेलं कडक चाक त्या पायरीला टेकतं तेव्हा त्याचा मध्य पायरीपासून १५० मिलिमीटर मागे असतो. व्यास ६२० असेल तर हे अंतर सुमारे १६९ होतं, आणि ७६० असेल तर सुमारे १८८. म्हणजे चढायची उंची तेवढीच, पण मोठं चाक ती जास्त अंतरात विभागून चढतं. धक्का तोच, पण सावकाश येतो. खड्ड्यातही तसंच, मोठं चाक कमी खोल उतरतं.

अमेरिकेत १९०७ ते १९१२च्या दरम्यान 'हाय व्हीलर' नावाच्या मोटारी विकल्या जात. सीअर्स कंपनी तर आपली मोटर बग्गी कॅटलॉगमधून घरपोच पाठवायची. घोडागाडीसारखी उंच, सडपातळ चाकं आणि वर भरीव रबर. गिऱ्हाईक खेड्यातलं, रस्ते चिखलाचे, त्यामुळे हे शहाणपणाचंच होतं.

दुसरा उपाय होता चाकात हवा भरण्याचा. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते बाजारात रुजलं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तिचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्यानं शोधली, आणि या वेळी ती टिकली. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला कित्येक गावांत आजही 'डनलॉप गाडी' म्हणतात. तिची चाकं जुन्या गाडीपेक्षा खूप लहान, तरी हादरे कमी. म्हणजे व्यासाचं काम हवेनं केलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या आलेखातला पहिला ठिपका

मॉडेल टीच्या मागच्या टायरवर ३० x ३½ असं लिहिलेलं असे. यातले ३० इंच म्हणजे *टायरचा बाहेरचा* व्यास, आणि ३½ इंच म्हणजे टायरची जाडी. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की रिम उरते २३ इंचांची.

१९२३ मध्ये फायरस्टोननं 'बलून' टायर आणला. जाड, आणि हवा आधीच्या टायरच्या जवळजवळ निम्म्या दाबाची. मॉडेल टीला तो ४.४०-२१ या मापानं बसू लागला. आता इथे २१ म्हणजे *रिमचा* व्यास! टायरची जाडी ४.४० इंच. दोन्ही बाजू मिळवा: २१ अधिक ८.८, म्हणजे २९.८ इंच.

थोडक्यात, माझ्या आलेखात जिथे चाक ३० वरून २१ वर कोसळलं होतं, तिथे प्रत्यक्षात चाक जेवढ्यास तेवढंच होतं. बदलली होती ती माप लिहायची पद्धत. थोडी रिम लहान झाली आणि तेवढी हवा वाढली, एवढीच खरी घटना.

आणि मी काय केलं होतं? त्या नऊ इंचांच्या घसरणीचं कारणही शोधून ठेवलं होतं. १९२१चा अमेरिकेचा फेडरल हायवे कायदा, त्यानंतर झालेले रस्ते, म्हणून लहान चाकं! कायदा खरा, रस्ते खरे, तारखाही जुळत होत्या. फक्त ज्या घटनेचं कारण मी देत होते ती घडलीच नव्हती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. चुकीचा आकडा सापडला की माणूस दुरुस्त करतो. पण त्या आकड्याला पटणारं कारण मिळालं की मग तो आकडा परत तपासायला कोणी जात नाही.

उलटा प्रवास

पुढची उतरण मात्र खरी होती. १९५७ मध्ये शेव्हर्लेसारख्या अमेरिकन गाड्या १५ वरून १४ इंचांच्या रिमवर आल्या, कारण गाडी बुटकी दिसायला हवी होती. मिनीत अॅलेक इसिगोनिस यांना जागा वाचवायची होती. चाकाची खोबण जेवढी मोठी, तेवढी आतल्या माणसांची जागा कमी. म्हणून १० इंची रिम, आणि स्प्रिंगच्या जागी अॅलेक्स मोल्टन यांचे रबरी कोन.

दरम्यान, आराम कुठून येतो हा प्रश्न चाकापुरता राहिला नव्हता. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी एका मोठ्या गाडीवर सरकवता येणारी वजनं लावून प्रयोग केले. पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर प्रवास सपाट वाटतो, असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे यातलं मुख्य मोजमापयंत्र माणूसच होतं: गाडीत बसा आणि कसं वाटतं ते सांगा. शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ मध्ये आलं. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेनं सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी कंपनं सगळ्यात जास्त जाणवतात, हे त्यात धरलेलं आहे.

मग रिम पुन्हा मोठी का झाली? मिशेलिननं १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. रेडियलमुळे टायर रुंद आणि बुटका करणं सोपं झालं. १९७०च्या दशकात पिरेलीचा पी ७ आला आणि पोर्शेच्या ९११ टर्बोसारख्या वेगवान गाड्यांवर बसला. त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या निम्मी होती. बुटका टायर वळणावर कमी लवतो, आणि मोठ्या रिमच्या आत मोठी ब्रेक डिस्क मावते. वेगवान गाडीला दोन्हींची गरज होती. तिथून ते रूप शोरूममध्ये उतरलं आणि गरज मागे राहिली.

आता आकडे बघा. १८५/६५ आर १५ या मापात १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे इंचांत रिम. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिन्ही! बाजूची उंची येते १२० मिलिमीटर, बाहेरचा व्यास सुमारे ६२१. त्याच गाडीला १९५/५५ आर १६ घातला तर व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, बाजू १०७ होते. २०५/४५ आर १७ घातला तर व्यास ६१६ आणि बाजू फक्त ९२.

रिम दोन इंचांनी वाढली, पण रस्त्याच्या दृष्टीनं चाक वाढलंच नाही. पायरी चढायचं अंतर तेवढंच. कमी झाली ती मधली हवेची गादी, २८ मिलिमीटरनं. वर रिम जड असेल तर स्प्रिंगच्या खालचं वजनही वाढलं, म्हणजे चाक खड्ड्यातून सावरायला कठीण. शंभर वर्षांपूर्वी 'मोठं चाक' म्हणजे आराम, आणि आज 'मोठं चाक' म्हणजे दचके. दोन्ही विधानं खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या व्यासांबद्दल आहेत.

उलटी चूकही करू नका

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले: मोठी रिम म्हणजे वाईटच. मॅडमनी तिथेही अडवलं. एसयूव्हीचा २०५/६५ आर १६ घ्या. रिम १६, पण बाजू १३३ मिलिमीटर आणि व्यास ६७३. रिमही मोठी, चाकही मोठं, गादीही जाड. आपल्या अॅम्बेसेडरला ५.९०-१५ टायर असे, पद्मिनीला ५.२०-१४, आणि मारुती ८००ला १२ इंची रिम. नुसता शेवटचा आकडा लिहून काढला तर अॅम्बेसेडर आणि आजची एखादी हॅचबॅक, दोन्ही '१५'. पण अॅम्बेसेडरच्या टायरची बाजू जवळजवळ रुंदीएवढी उंच. तिच्या मागच्या सीटचं कौतुक करणारे लोक काही नुसत्या आठवणीत रमलेले नव्हते.

शेवटी माझा आलेख एका रेषेचा तीन रेषांचा झाला: बाहेरचा व्यास, रिम, आणि बाजूची उंची. सुबक अजिबात नाही. पण आता त्यातून प्रश्न निघतात.

तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, लांब कालखंडाची आकडेवारी जमवताना तक्त्यात एक जास्तीचा स्तंभ ठेवा: 'हे माप त्या काळी कशाचं होतं?' प्रत्येक नोंदीपुढे तो भरा, कंटाळा आला तरी. दोन, आलेखात अचानक उडी किंवा घसरण दिसली की कारण शोधण्याआधी माप बदललं का ते बघा. जनगणनेत 'शहर' कशाला म्हटलं, दप्तरात 'मण' किती शेरांचा होता, सगळीकडे हाच खेळ आहे.

राहता राहिली घरची गोष्ट. माझं प्रकरण कोसळलं त्याच दिवाळीत दादानं गाडीची १५ इंची चाकं काढून १७ इंची अलॉय बसवली. दुकानदार म्हणाला होता, "मोठं चाक, खड्डे जाणवणार नाहीत." गावी जाताना आई मागच्या सीटवर कमरेत हात धरून बसली होती. दादा म्हणाला, "अगं, चाकं मोठी आहेत, तुला उगाच वाटतंय." मी जेवायच्या टेबलावर जुन्या आणि नव्या टायरचं माप लिहून वजाबाकी करून दाखवली. आई म्हणाली, "हे मला गाडीत बसल्या बसल्याच कळलं होतं."

जुनी चाकं अजून गच्चीवर आहेत. संक्रांतीला ती परत बसवायची, असं सध्या ठरलंय.