सोपाऱ्याचे बंदर आणि बोरघाटाची वाट

पळसदरीहून वर पाहिले की बोरघाट दिसतो. या घाटातून १८६३ साली आगगाडी वर चढली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण तांड्यांची नि भिक्षूंची ये-जा तिच्याही फार पूर्वीची. घाटमाथ्यावर कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर दात्याचे नाव कोरले आहे: सोपाऱ्याचा सातिमित. तो भाणक होता, म्हणजे धर्मवचने पाठ म्हणणारा. आता विचार करा, सोपारा कुठे आणि कार्ले कुठे!

सोपारा म्हणजे वसई तालुक्यातले हल्लीचे नालासोपारा. खाडी गाळाने भरत गेली नि समुद्र दूर राहिला. मग तिथे बंदर होते हे कशावरून म्हणायचे?

पहिला पुरावा परक्याचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरी माहितीपुस्तकात सोपारा नि कल्याण ही दोन्ही नावे येतात. कल्याणला चुकून ग्रीक गलबत आलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत, असेही त्यात आहे. आपल्या कर्जतवरून वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणलाच जाते. म्हणजे राजकारणाने बाजारपेठेचा गळा आवळणे हे काही आजचे नव्हे!

दुसरा पुरावा जमिनीतला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावास मिळाला. राजाज्ञा कोरायची ती चार माणसे जमतात तिथे. तेव्हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातही हे गजबजलेले ठिकाण होते, असे मानायला हरकत नाही.

तिथल्या एका टेकाडाला लोक बुरुडराजाचा कोट म्हणत. भगवानलालांनी त्याच साली तो खणला, तर आत निघाला स्तूप! दगडी पेटीत एकात एक करंडे, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि भोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती. नाणे दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे, मूर्ती मात्र त्याहून कित्येक शतके अलीकडच्या. अर्थात पेटी मध्ये केव्हातरी उघडून पुन्हा ठेवली असली पाहिजे. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ज्यांनी ते जपले, त्यांच्या लेखी खापराची किंमत सोन्याहून अधिक होती.

शिक्षकबंधूंनो, नांगराला जुनी वीट, नाणे, खापर लागले, तर मुलांना ते लगेच उचलू देऊ नका. जागा, खोली, शेजारी काय होते, हे आधी वहीत टिपून घ्या नि मग खबर द्या. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरांकडे द्यावी लागते. पण दोन पैशांचे खापरही मोलाचेच. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते. सातिमिताचा खांब जागच्या जागी उभा राहिला, म्हणूनच तो आज आपल्याशी बोलतो.