पटाशीच्या दातांची कुळकथा

दाढा एकमेकींवर घट्ट मिटा आणि आरशात पाहा. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या पुढे येऊन त्यांचा थोडा भाग झाकतात. दंतवैद्य याला ओव्हरबाइट म्हणतात आणि ती दोन-तीन मिलिमीटर असली की बिनघोर असतात. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढा कशा जुळतात यावरून दातांच्या ठेवणीचे वर्ग पाडले. दातांना तारा लावण्याचं शास्त्र आजही त्याच वर्गांची भाषा बोलतं. अँगलची गोष्ट एवढ्यावर पुरे. माझं कुतूहल त्याच्या आधीचं आहे: ही 'नॉर्मल' ठेवण आली कधी आणि कुठून?

मिशिगन विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ सी. लोरिंग ब्रेस यांनी या प्रश्नासाठी आयुष्यभर जुने जबडे तपासले. जुन्या माणसांचे पटाशीचे दात बहुधा कडेवर कड टेकून मिटत. वरचा दात खालच्यापुढे येण्याची रीत पश्चिम युरोपात सर्रास झाली ती जेमतेम अडीचशे वर्षांपूर्वी, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या थोड्या काळात आनुवंशिकता बदलत नाही; बदलली ती जेवण्याची तऱ्हा. ब्रेस यांनी बोट ठेवलं ते काट्या-चमच्यातल्या काट्यावर.

पूर्वी मांसाचा किंवा पावाचा मोठा तुकडा पुढच्या दातांत पकडायचा आणि उरलेला हाताने किंवा सुरीने तोडायचा, अशी पद्धत होती. टॉमस कोर्याट या इंग्रज प्रवाशाने इटलीत काटा पाहिला आणि १६११ च्या प्रवासवर्णनात त्याचं कौतुक केलं, तेव्हा त्याचीच थट्टा झाली. पुढे दीडेकशे वर्षांत काटा रुळला, ताटात छोटे तुकडे होऊ लागले आणि पुढच्या दातांचं पकडीचं काम सुटलं. ब्रेस यांचा सर्वांत जोरकस पुरावा मात्र चीनचा. तिथे स्वयंपाकघरातच सगळं बारीक चिरून येतं आणि चॉपस्टिक्सनी खाल्लं जातं. चीनमधल्या वरच्या वर्गाच्या जबड्यांत ही ठेवण युरोपच्या आठ-नऊशे वर्षं आधी दिसते, असं त्यांनी दाखवलं.

यात दातांच्या वाढीचं एक मर्म आहे. लहान मुलांत वरचे दात खालच्यांच्या पुढेच असतात, अगदी शिकारी जमातींतही. चिवट अन्नाने दात झिजत जातात, खालचा जबडा किंचित पुढे सरकतो आणि तरुणपणी दातावर दात येतो. झीज झालीच नाही, तर लहानपणची ठेवण तशीच राहते. म्हणजे आपण सारे तोंडात बालपण जपून ठेवलेली प्रौढ माणसं आहोत.

ब्रेस यांच्या काट्याला प्रतिस्पर्धीही तगडे आहेत. ऑस्ट्रेलियातले दंतवैद्य पी. आर. बेग यांनी १९५४ मध्ये आदिवासींच्या झिजलेल्या दातांवरून मांडलं की दात झिजणं हीच माणसाची मूळ स्थिती. रॉबर्ट कॉरुचिनी यांनी चंडीगड परिसरातल्या पंजाबी तरुणांचे दात तपासले, तेव्हा शहरी मुलांत वेडेवाकडे दात खेड्यातल्या मुलांपेक्षा जास्त आढळले. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनी २००४ मध्ये हायरॅक्स या छोट्या प्राण्यांना शिजवलेलं मऊ अन्न देऊन वाढवलं; त्यांच्या चेहऱ्याच्या काही भागांची वाढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरली. या सगळ्यांचा कौल काट्याला नाही, मऊ अन्नाला आहे.

मला या वादात ओढलं ते एका अक्षराने: 'व'. आता पटाशीचे दात कडेवर कड टेकवा आणि 'प', 'म' म्हणा, सहज जमतं. तसाच जबडा ठेवून 'व' म्हणा, किंवा शहरात बरेच जण 'फळ'मधला 'फ' ओठावर दात ठेवून उच्चारतात तसा 'फ' म्हणा. खालच्या ओठाला दातापर्यंत पोचायला मुद्दाम मुरड घालावी लागते.

भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये असं अनुमान काढलं होतं की असे ध्वनी मऊ अन्न खाणाऱ्या शेतकरी समाजांत रुजले. त्यावर पुढच्याच वर्षी हरकत घेतली ती ब्रेस यांनीच. शेती जुनी, ओव्हरबाइट नवी. मग हे जुळायचं कसं? २०१९ मध्ये डामियान ब्लासी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हॉकेट यांची बाजू पुन्हा उचलून धरली. ओव्हरबाइट असताना हे ध्वनी काढायला २९ टक्के कमी श्रम पडतात, आणि शिकारी-संग्राहक समाजांच्या भाषांत ते शेतकरी समाजांच्या मानाने साधारण चौथाईच आढळतात.

इथे आपल्याकडचा साक्षीदार उभा राहतो. शाळेच्या व्याकरणात 'व' दंतौष्ठ्य, म्हणजे दात आणि ओठ मिळून उच्चारायचा, आहे. पण वेदपठणाचे उच्चार बारकाईने नोंदवणारी प्रातिशाख्यं चाळली, तर मतभेद दिसतो. ऋक्प्रातिशाख्य 'व'ला निव्वळ ओठांचा वर्ण मानतं. तैत्तिरीय प्रातिशाख्य त्याच्या उच्चारात ओठांबरोबर दातांनाही घेतं. दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या मानल्या जाणाऱ्या या ग्रंथांत बदलत्या जबड्याची नोंद आहे, असं मी मानतो. हा फरक शाखांचा किंवा प्रदेशांचा असू शकतो, आणि दातावर दात असलेल्या माणसालाही कष्टाने 'व' म्हणता येतो, हे कबूल. पण दंतौष्ठ्य उच्चार ही पुढे उच्चार शिकवणाऱ्या शिक्षाग्रंथांतली सर्वसाधारण रीत झाली, आणि तीही काटा ज्यांनी पाहिला नव्हता अशा लोकांत.

म्हणून माझा सिद्धांत असा: काटा आणि चॉपस्टिक्स ही एकाच बदलाची दोन रूपं आहेत, आणि आपली बोटं हे तिसरं. भाकरी आपण दातांनी तोडत नाही. उजव्या हाताने तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि तोंडात जाईल एवढाच घास करायचा. भात कालवून खायचा. भाजी विळीवर चिरून आलेली असते. पकडीचं काम पटाशीच्या दातांकडे येतच नाही. दाताने ऊस सोलणं किंवा हाडावरचं मटण ओढणं हे अपवाद. रोजच्या दोन जेवणांपुढे त्यांचं वजन थोडं.

याला एक कडवा आक्षेप आहे: जातं. दगडी जात्यातल्या पिठात खर उतरते आणि ती दात झिजवते. मग आपल्याकडे दातावर दातच यायला हवा होता. माझं उत्तर असं की खर झिजवते ती चावणाऱ्या दाढांना. हाताने मोडलेला घास पुढच्या दातांना चुकवून थेट दाढांकडे जातो. म्हणून जात्याच्या काळातला आपला जबडा मिश्र असला पाहिजे: दाढा सपाट झिजलेल्या, पटाशीचे दात मात्र बऱ्यापैकी धारदार आणि वरचे पुढे.

हे तपासता येण्याजोगं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांच्या दातांचा अभ्यासही केला आहे. त्या प्रौढ जबड्यांत दाढा आणि पटाशीचे दात सारखेच झिजलेले असतील, तर माझा सिद्धांत पडला आणि मऊ अन्नवाल्यांची बाजू वर आली. दाढा झिजलेल्या आणि पुढचे दात शाबूत निघाले, तर ओव्हरबाइटच्या कुळकथेत काट्याच्या आधी भाकरी मोडणाऱ्या बोटांना जागा द्यावी लागेल.