बंद पडलेला लॅपटॉप आणि पलीकडचा माणूस

१/ पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की कोरेगाव भीमानंतर शिरूर तालुक्यातील सणसवाडी लागते. कारखान्यांच्या या गावात दूरदूरचे कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यापैकी कोणी ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप आठवडाभरात बंद पडला, तर तो बदलून कोणाकडे मागायचा? दुकानदार समोर नाही; मोबाइलवर उत्तरे देते ते यंत्र. या प्रश्नाचा इतिहास बराचसा पुण्यातच घडला आहे.

२/ सदोष माल नाकारण्याचा हक्क १९३० च्या मालविक्री कायद्यात होताच. मात्र तो बजावायचा दिवाणी न्यायालयात. वकील, न्यायालय शुल्क, तारखा! एका रेडिओसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

३/ १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेथे कुटुंबे गट करून महिन्याचा किराणा एकत्र घेऊ लागली. विखुरलेल्या गिऱ्हाइकाला व्यापारी जुमानत नाही, हे त्यामागचे साधे निदान होते.

४/ २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दोष दूर करणे, वस्तू बदलून निर्दोष नवी देणे, किंमत परत करणे, भरपाई देणे असे आदेश जिल्हा मंच देऊ शकू लागला. ‘बदलून द्या’ ही विनवणी होती. तिचा आता हुकूम होऊ शकत होता.

५/ तरीही एक खाच राहिली. तक्रार विक्रेता जेथे असेल किंवा वादाचे कारण जेथे घडले असेल तेथेच करावी लागे. ऑनलाइन खरेदीत विक्रेता परराज्यात, म्हणजे अधिकारक्षेत्रावरूनच वाद. २०१९ च्या कायद्याने हे बदलले (अंमल २० जुलै २०२०): तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही दाद मागता येते. सणसवाडीतल्या कामगाराला गुरुग्राम गाठायला नको. पुण्याचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्कही नाही.

६/ माझ्या मते खरी मौज जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, हुद्दा व संपर्क जाहीर करायचा. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. पोच यंत्रही पाठवू शकते म्हणा. पण कागदावर नाव माणसाचेच लागते. तक्रार लिहिताना ते नाव शोधून वर घालावे. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.