वॉड्सडनचा वाडा आणि आश्रयास आलेली मुले

यरुशलेम येथील क्नेसेतची भव्य वास्तू आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ती जेम्स द रोथशिल्ड यांच्या देणगीतून उभी राहिली व १९६६ साली तिचे उद्घाटन झाले, हे आपली शाळकरी मुलेही सांगतात. परंतु ह्याच गृहस्थांच्या इंग्लंडातील घराने युद्धकाळात किती बालकांना छत्र दिले, हा वृत्तांत फार थोड्यांच्या कानी आला असेल. तो वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

लंडनच्या वायव्येस बकिंगहॅमशायर परगण्यात वॉड्सडन नावाचे खेडे आहे. तेथील टेकडी सपाट करून बॅरन फर्डिनांड द रोथशिल्ड यांनी फ्रेंच राजवाड्याच्या धर्तीवर एक हवेली बांधली. जमीन त्यांनी १८७४ साली खरेदी केली होती. हवेलीत सेव्ह्रची चिनी मातीची भांडी, फ्रेंच राजघराण्यासाठी विणलेले गालिचे, गेन्सबरो व रेनल्ड्स यांची चित्रे असा अमोल संग्रह होता. १९२२ साली ही मालमत्ता जेम्स यांच्याकडे आली. एरेत्स इस्राएलमधील वसाहतींना ज्यांनी जगविले, त्या बॅरन एडमंड यांचे हे चिरंजीव. त्यांच्या पत्नी डोरोथी याही लोककार्यात त्यांच्या बरोबरीने वावरत.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत सभास्थाने जाळली गेली व हजारो यहुदी पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. त्यानंतर ब्रिटिश सरकारने यहुदी बालकांना प्रवेश देण्याचे मान्य केले. मात्र त्यांचा भार सरकारी खजिन्यावर पडू नये, अशी अट होती. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुले अशा रीतीने वाचली. त्यांपैकी पुष्कळांची ताटातूट झाली. भाऊ एका गावी, बहीण दुसऱ्या गावी, आणि कित्येक मुले परधर्मीय कुटुंबांत.

वॉड्सडनची हकीकत ह्याहून वेगळी आहे. फ्रँकफुर्टमधील एका यहुदी बालकगृहातील सुमारे ३० मुलगे मार्च १९३९ मध्ये, आपल्या गृहप्रमुखांच्या कुटुंबासह, एकत्र येथे आले. रोथशिल्ड दांपत्याने गावातील 'द सीडर्स' हे घर त्यांना दिले. त्यावरून त्यांना 'सीडर बॉइज' हे नाव पडले. मुलगे गावच्या शाळेत जाऊ लागले, इंग्रजी शिकले, गावच्या मुलांबरोबर फुटबॉल खेळले. अध्यापनाचा व्यवसाय केलेल्या आम्हांस ह्यातील मर्म विशेष जाणवते. मुलास नुसते अन्न व अंथरूण देऊन भागत नाही. ओळखीचा चेहरा, ओळखीची बोली व आपल्या रीतीचा शब्बाथ त्याच्याजवळ राहिला, तरच परक्या भूमीत त्याचे मूळ धरते.

१ सप्टेंबर १९३९ पासून इंग्लंडात शहरांतील मुलांचे स्थलांतर सुरू झाले. तीन दिवसांत सुमारे १५ लक्ष लोक, मुख्यत्वे शाळकरी मुले, तान्ह्या मुलांच्या माता व शिक्षक, खेडोपाडी हलविले गेले. वॉड्सडनच्या हवेलीत क्रॉयडन येथून सुमारे १०० बालके आली, आणि तीही पाच वर्षांखालील! मौल्यवान सामान आवरून ठेवण्यात आले. जेथे राजेरजवाड्यांच्या पंक्ती उठल्या होत्या, तेथे पाळणे व खाटा मांडल्या गेल्या. जानेवारी १९४० पासून लोणी, साखर व डुकराचे खारवलेले मांस यांचे रेशनिंग सुरू झाले. रात्री प्रकाशाची तिरीपही बाहेर पडू नये, म्हणून देशभर प्रत्येक खिडकी झाकावी लागे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. पलटणीने घर ताब्यात घेतल्यास नासधूस होईल, ह्या भीतीने त्या काळी इंग्लंडातील अनेक वाडेवाल्यांना सैनिकांपेक्षा मुलेच बरी वाटत. म्हणून वाड्यात मुले घेणे हे सर्वत्र केवळ परोपकारच होते, असे म्हणता येणार नाही. परंतु सीडर्सचे घर युद्धापूर्वी सहा महिने उघडले गेले. तेव्हा कोणाचाही हुकूम नव्हता. हाक आली आणि दार उघडले, इतकेच.

तरीही ह्या कथेस आनंदपर्यवसायी म्हणावयास आमचे मन धजत नाही. युद्ध सुरू होताच सरहद्दी बंद झाल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये फ्रँकफुर्टच्या यहुद्यांची पहिली मोठी पाठवणी लॉड्झ येथील घेट्टोकडे झाली. सीडर्समधील अनेक मुलांना आपले मातापिता पुन्हा दिसले नाहीत. इंग्लंडातही १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीहून आलेल्या हजारो निर्वासितांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून स्थानबद्ध केले गेले. ज्यांच्या भीतीने ते पळाले, त्यांचेच हस्तक म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले!

जेम्स १९५७ साली निवर्तले. हवेली त्यांनी नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेस दिली आणि १९५९ पासून ती सर्वांस खुली झाली. डोरोथी ह्यांच्या पुढाकाराने कुटुंबाच्या न्यासाने यरुशलेममध्ये सर्वोच्च न्यायालयाची वास्तूही उभारून दिली. तिचे उद्घाटन १९९२ साली झाले, परंतु तत्पूर्वीच, १९८८ मध्ये, त्या परलोकवासी झाल्या होत्या.

ह्या वास्तू दगडाच्या आहेत आणि त्यांवर दात्यांचे नाव राहील. सीडर्सच्या ३० मुलग्यांची गणना मोठ्या इतिहासात क्वचितच होते. पण ते जगले, त्यांचे संसार झाले, मुलेबाळे झाली. जामीन व जागा मिळाली म्हणून हे ३० वाचले. त्यांच्यापैकी अनेकांच्या आईबापांसाठी कोणत्याही देशाचे दार वेळेवर उघडले नाही. आपल्या मुलांना ही कथा सांगताना तिच्या ह्या दोन्ही बाजू सांगाव्यात, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.